सात नंबरचं वुड आणि अण्णांचा डावा हात

भोरमध्ये कुणी विचारलं, "नोकरीला कुठं होता?" आणि मी म्हटलं, "गोल्फ क्लबात, काठ्या दुरुस्त करायला," की समोरचा आधी हसतो. मग हसायला नको होतं असं वाटून तोंड गंभीर करतो आणि विचारतो, "ते झालं हो, पण मुख्य काम काय होतं?" मुख्य काम तेच होतं. बावीस वर्षं तेच केलं आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. अजूनही बायको पाहुण्यांना सांगताना "हे क्लबात टेक्निकल साइडला होते" असं सांगते. मी मधे पडत नाही.

माझे वडील सुतार. आसपासच्या गावांतली औतं, जू, बैलगाडीची चाकं त्यांच्या हाताखालून गेली. ट्रॅक्टर आले तसं ते काम आटलं आणि मी नसरापूरला एका फर्निचरच्या दुकानात रंधा मारायला लागलो. तेवढ्यात कापूरहोळहून भोरकडे येणाऱ्या रस्त्याच्या आत, डोंगराच्या पायथ्याशी, नऊ होलचं गोल्फचं मैदान झालं. त्यांना बाकं आणि कुंपणाची फाटकं करायला सुतार हवा होता. पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या लष्करी साहेबांनी मोडकी काठी पुढे केली. टोकाला लाकडाचा गुळगुळीत, काळपट गोळा. मी तो हातात तोलला, रेघा बघितल्या आणि म्हटलं, "साहेब, ही आपल्या टेंभुर्णीची भावकी दिसते." साहेब बघतच राहिले, कारण ते लाकूड परदेशातलं असलं तरी खरोखर टेंभुर्णीच्याच जातीचं होतं. ती काठी मी जोडून दिली. फाटकं पुढे दुसऱ्याच कुणीतरी केली.

ज्यांनी हा खेळ टीव्हीवरही पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लांबवर जमिनीत एक खळगा असतो, तेच होल, त्यात चेंडू कमीत कमी फटक्यांत घालायचा. सुरुवातीचा फटका मारायला सगळ्यात लांब काठी असते, कारण तिथे चेंडू छोट्या खुंटीवर ठेवलेला असतो. खळग्याजवळ पोचल्यावर लोखंडी काठ्या. पण मधलं अंतर बरंच राहतं आणि चेंडू कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, ज्याला फेअरवे म्हणतात त्यावर, सपाट पडलेला असतो. तिथून मारायची जी काठी, तिला फेअरवे वुड म्हणतात. पूर्वी तिचं डोकं लाकडाचं असायचं, आता पोलादाचं असतं. लाकूड गेलं, नाव राहिलं.

या वुडना नंबर असतात. तीन, पाच, सात. नंबर वाढला की दांडा आखूड होतो आणि काठीचा चेहरा जास्त मागे कलतो, म्हणून चेंडू सहज वर उठतो, पण जातो कमी लांब. तीन नंबर सगळ्यात लांब मारतं, पण गवतावरून चेंडू उचलायला मनगटात जोर आणि काठीत वेग लागतो. तो नसला की चेंडू गवतातून सरपटत जातो. दुकानात जाऊन दहातले नऊ जण तीन नंबर उचलतात आणि त्यातल्या आठांना सात नंबर हवं असतं. हे मी कुठं वाचलेलं नाही, माझ्या कामाच्या बाकापुढे उभ्या राहिलेल्या माणसांवरून सांगतोय.

माझी एक पद्धत होती. कुणी काठी निवडायला आलं की मी आधी त्याचा हात मागायचो. "हातमोजा काढा, हात दाखवा." नवी माणसं थट्टा करायची, "मिस्त्री, परदेशयोग आहे का बघा!" मी घट्टे बघायचो. उजव्या हाताने खेळणाऱ्याची खरी पकड डाव्या हातात असते, आणि त्या हातावर हातमोजा असतो. घट्टा कुठं आहे, त्यावरून माणूस काठी कुठं आवळतो ते कळतं. मोज्याला भोक कुठं पडलंय त्यावरून काठी कुठं निसटते ते कळतं. मग दांडा किती लवचिक हवा, मूठ किती जाड हवी, हे ठरवायला फारसं काही उरत नाही. पुढे माप घ्यायची मशीनं आली, पण हात बघायची सवय मी सोडली नाही.

दुसरी एक गोष्ट मला आमच्या कॅडीमास्तरांनी पहिल्याच महिन्यात शिकवली होती. कॅडी म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारा आणि कुठली काठी घ्यायची ते सुचवणारा माणूस, आणि मास्तर त्या सगळ्यांवरचे. ते म्हणाले, "सुरेश, एक ध्यानात ठेव. खेळाडूच्या अंगाबद्दल बोलायचं न्हाई. पोट सुटलंय, वय झालंय, हात कापतोय, आपल्याला काय दिसत न्हाई. दोष कायम काठीचा." क्लबात सगळे हेच पाळायचे. साहेबांचा चेंडू पाण्यात गेला की कॅडी काठीकडे रागाने बघायचा.

या नियमाचा उपयोगही व्हायचा. पुण्याचे एक बांधकामवाले साहेब होते. क्लबचं दर महिन्याला एक बातमीपत्र निघायचं, चार पानांचं, त्यात कोण जिंकलं, गवत कधी कापणार, बाजारात नवं काय आलं असं असायचं. त्यात नव्या तीन नंबर वुडचं चित्र आलं की पुढच्या रविवारी साहेबांच्या पिशवीत ते हजर. एका पावसाळ्याआधी त्यांनी असलं तिसरं नवं वुड माझ्या बाकावर आदळलं. "मिस्त्री, हेही भंगार निघालं!" भंगार काही नव्हतं. त्यांची कंबरच वळत नव्हती. मी गंभीरपणे काठी उलटीपालटी केली, म्हटलं, "साहेब, या लॉटच्या दांड्यातच गडबड दिसते," आणि माझ्याकडचं जुनं सात नंबर त्यांच्या हातात दिलं. खालचा नंबर मी चिकटपट्टीने झाकला होता, म्हटलं, "चाचणीला आलंय, मॉडेल सांगायची परवानगी नाही." दोन तासांनी साहेब आले ते दोन्ही हात पसरून. त्या माणसाने मला अक्षरशः मिठी मारली. नंबर सात आहे हे त्यांना कळलं तोवर ते त्या काठीच्या प्रेमात पडले होते.

असल्या गोष्टींचा मला गर्व होता. आणि तो गर्व होता म्हणूनच पुढचं सांगतो आहे.

उत्रोलीचे धोंडिबाअण्णा माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. क्लबने ज्या जमिनी घेतल्या त्यात त्यांचं एक भाताचं खाचर होतं, आज जिथे चौथं होल आहे तिथं. विकताना त्यांनी एकच हट्ट धरला की मी जिवंत आहे तोवर मला माझ्या रानात फिरायला कुणी आडवं येता कामा नये. वकिलांनी डोकं खाजवलं आणि शेवटी त्यांना क्लबचं मानद सभासद करून टाकलं. साहेबलोकांना वाटलं, म्हातारा एकदोनदा येईल आणि कंटाळेल. अण्णा रोज सकाळी यायचे, पांढरी टोपी, गुडघ्याच्या वर धोतर, मागे हात बांधून फेरी मारायचे. वर्षभर त्यांनी नुसतं बघितलं. मग एक दिवस माझ्या बाकाशी येऊन म्हणाले, "सुरेश, एक काठी दे. बगू तरी."

खोटं वाटेल, पण दोन वर्षांत अण्णा क्लबातल्या निम्म्या सभासदांना भारी पडायला लागले. जोर होता, आणि जमीन पाठ होती. गवताखाली जुना बांध कुठं आहे, कुठं पाणी साचायचं, वेल्ह्याच्या बाजूने वारं सुटलं की कुठल्या झाडापाशी वळतं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. एकदा एका परदेशी पाहुण्याने विचारलं, तुम्हाला उतार कसा कळतो? अण्णा म्हणाले, "हितं माजं पाणी कुटनं वाहायचं ते मला ठावं हाय." दुभाष्याचं काम माझ्याकडे होतं. मी सांगितलं, अनुभव. अण्णांकडे तीन नंबर वुड होतं, मीच निवडून दिलेलं, आणि ते वापरायला लागणारा जोर त्यांच्या हातात खरंच होता.

एका गणपतीनंतर अण्णा बाकाशी आले. "सुरेश, ह्यो दांडा लई जड झालाय बग."

दांडा काही आपोआप जड होत नाही. मी म्हटलं, "बघू हात." त्यांनी मोजा काढून डावा हात बाकावर ठेवला. घट्टे होते तिथेच होते, पण जरा मऊ पडल्यासारखे. मी म्हटलं, "मूठ झिजलीय अण्णा, जाड करून देतो." आतून टेपचा एक जादा थर दिला. जाड मूठ पकडायला जोर कमी लागतो. अण्णा खूश होऊन गेले. मी माझ्या वहीत लिहिलं, कारण कुणाच्या काठीला काय केलं ते मी तारखेसकट लिहायचो.

महिन्याने पुन्हा आले. मग दर महिन्याला यायला लागले. "निसटतीया रं." मी अजून एक थर दिला. "चेंडू उठंना." मी तीनचं वुड काढून पाच दिलं. दिवाळी झाली, थंडी गेली, उन्हाळा आला. दांडा बदलून जास्त लवचिक घातला. प्रत्येक वेळी हात बाकावर यायचा आणि प्रत्येक वेळी मी तो बघायचो. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसाचा उंचवटा असतो तो उतरत चालला होता. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधे खळगा पडायला लागला होता. उजवा हात धडधाकट होता. मला ते दिसत होतं. मी मनात म्हणायचो, सत्तरी आली, चालायचंच. आणि तोंडाने म्हणायचो, "काठीचं काही सांगता येत नाही अण्णा."

पावसाळ्याच्या तोंडाला मी त्यांना सात नंबर बांधून दिलं. हलकं डोकं, मऊ दांडा, कोयत्याच्या मुठीइतकी जाड मूठ. माझ्या हातून झालेली ती सगळ्यात चांगली काठी असेल. अण्णांचा चेंडू पुन्हा उठायला लागला. श्रावणातल्या स्पर्धेत ते ज्येष्ठांच्या गटात पहिले आले. क्लबच्या बातमीपत्रात आमचा दोघांचा फोटो छापून आला, अण्णा हातमोजा घातलेल्या हातात काठी धरून, आणि मी शेजारी. खाली सेक्रेटरींनी माझी मुलाखत घातली होती, योग्य फेअरवे वुड कसं निवडावं यावर. मी म्हटलं होतं, माणसाने काठीसाठी बदलू नये, काठीने माणसासाठी बदलावं. ते पान मी लॅमिनेशन करून बाकाच्या वर लावलं. येणारे-जाणारे वाचायचे आणि मी न बघितल्यासारखं करायचो.

दिवाळीच्या सुमारास भातकापणी सुरू झाली. घराजवळचं एक खाचर अण्णांनी ठेवलं होतं, खाण्यापुरत्या आंबेमोहोरासाठी. कापणीत उजव्या हातात विळा आणि डाव्या हातात भाताची मूठ. ती मूठ घट्ट धरली नाही तर विळा घसरतो. तसाच घसरला. दोन बोटं खोल कापली, आणि अण्णांना कळलंच नाही. ते पुढची मूठ धरायला गेले. पेंढी लाल दिसली तेव्हा अण्णांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, ओरडून हात धरला. अण्णा म्हणत होते, "कुटं काय? मला दुकत न्हाई."

भोरच्या डॉक्टरांनी टाके घातले आणि बोटं सोडून मानच तपासायला लागले. पुण्याला जा, लगेच जा म्हणाले. अण्णांचा मुलगा बाहेरगावी नोकरीला, म्हणून मी गाडी केली आणि सोबत गेलो. पुण्याच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मानेच्या मणक्यात नसांवर दाब आला आहे, ऑपरेशन करावं लागेल, असं त्यांनी एमआरआयच्या फोटोवर बोट ठेवून समजावलं. मग विचारलं, "हाताची पकड कमी झाल्याचं पहिल्यांदा कधी लक्षात आलं?"

वहिनी म्हणाल्या, "म्हैना झाला आसंल. आमाला तर परवा कापनीतच कळलं बगा. त्या हातानं काय जेवायचं न्हाई, लिवायचं न्हाई, कळनार कसं?"

अण्णा खाली बघत होते. माझ्या डोळ्यांपुढे माझी वही आली, तारखांसकट.

मी म्हटलं, "चौदा महिने झाले, मॅडम. गेल्याच्या गेल्या गणपतीपासून."

डॉक्टरीणबाईंनी पेन थांबवलं. "तुम्ही कोण यांचे?"

काय सांगणार? मी म्हटलं, "मी यांच्या काठ्या करतो." मग मूठ किती वेळा जाड केली, वुड कधी बदललं, मांस कुठं उतरलं, सगळं सांगितलं. त्या लिहून घेत होत्या. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "तुम्ही इतकं नीट बघितलंत. तेव्हाच आणलं असतं तर बराच हात वाचला असता. आता पुढचं थांबवता येईल. गेलं ते येईलच असं मी सांगू शकत नाही."

बाहेर बाकावर बसल्यावर वहिनींनी माझ्याकडे वळून विचारलं, "भावजी, तुमास्नी म्हाईत हुतं?"

मी डॉक्टरांच्या कागदांची घडी करायला लागलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. येताना कापूरहोळला चहाला थांबलो तेव्हा माझ्याही हातात कप आणून दिला, पण त्यानंतर बराच काळ त्यांनी मला भावजी म्हटलं नाही.

ऑपरेशन झालं. अण्णा अलीकडे चालतानाही अडखळायला लागले होते ते थांबलं, मान ठीक झाली. डावा हात तेवढा गेला तो गेला. बोटं हलतात, पण मूठ वळत नाही. क्लबच्या बातमीपत्रात "आपले ज्येष्ठ सभासद लवकर बरे होवोत" अशी दोन ओळींची बातमी आली. मी बाकावरचं ते लॅमिनेशन केलेलं पान काढलं. सेक्रेटरींनी कारण विचारलं तर म्हटलं, भिंतीला ओल आलीय.

मास्तरांचा नियम मी त्यानंतर मोडला. कुणाचा हात कापत असेल, पकड उतरली असेल, तर मी तोंडावर सांगायचो, "काठी ठीक आहे साहेब, तुम्ही डॉक्टरला दाखवा." काहींनी आभार मानले. काहींनी तक्रार केली. ते बांधकामवाले साहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, कारण मी त्यांना त्यांच्या कंबरेबद्दल सांगितलं. माझी काही तक्रार नव्हती. पण अण्णांकडे जायला मात्र मला धीर होत नव्हता. रस्त्यात, एसटी स्टँडवर भेट व्हायची, "बरं हाय का" एवढ्यावर भागवायचो. निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी उत्रोलीला गेलो.

अण्णा घरापुढे खाटेवर बसले होते. वहिनी आत होत्या. मी समोर बसलो आणि आढेवेढे न घेता सांगितलं की तुमचा हात जाताना मी बघत होतो आणि बोललो नाही. मला वाटायचं तुमचा मान राखतोय. खरं म्हणजे माझ्या काठीचं कौतुक होत होतं आणि मला ते आवडत होतं. माझं चुकलं.

अण्णांनी टोपी काढून खाटेवर ठेवली. मग म्हणाले, "काठी जड न्हवती रं."

"म्हणजे?"

"मला कळत हुतं हातात काय तरी इपरीत हाय. डाक्टरकडं जायाचं भ्या वाटायचं. घरी बोललो आस्तो तर हिनं रडून गाव गोळा केलं आस्तं. म्हटलं, सुरेश हात बगतो. त्येला कळतं. त्यो काय तरी बोलंल, मग जाऊ. दर म्हैन्याला हात दावायाच येत हुतो म्या. तू आपली काठीच बदलायचास. मंग वाटायचं, ज्येला कळतं त्योच काय बोलंना, म्हंजी काय नसंल."

डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत. अण्णांनी उजव्या हाताने आपला डावा हात उचलला आणि माझ्यापुढे खाटेवर ठेवला. टाक्यांचे वण पांढरे पडले होते. घट्टा एकही उरला नव्हता.

"बग," ते म्हणाले.

मी तो दोन्ही हातांत घेतला. "अंगठ्याच्या बुडाचं मांस गेलंय, अण्णा," मी म्हटलं. "अंगठ्याच्या आणि बोटाच्या मधे खड्डा पडलाय. मूठ वळत नाही. हे काठीचं काम नाही. तुम्ही उद्याच्या उद्या डॉक्टरकडे चला."

अण्णांनी मान हलवली. "हां," ते म्हणाले. "तवा येवढंच बोलायचं हुतं बग."